छातीवरची पिशवी

रात्री अकराच्या पुढे मांजरसुंबा फाट्यावर ट्रॅव्हल्स थांबली की इंजिन बंद व्हायच्या आधीच क्लीनर ओरडतो, "वीस मिनिटं! चहा, जेवण, काय ते उरकून घ्या!" धुळे-सोलापूर महामार्ग, म्हणजे जुना २११ आणि आताचा ५२ नंबरचा रस्ता, इथे दुसऱ्या एका मोठ्या रस्त्याला छेदतो. लातूर, अंबाजोगाई, केजकडून आलेला तो रस्ता पाटोदा-जामखेडवरून अहिल्यानगर-पुण्याकडे निघून जातो. बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या या फाट्यावर चारी दिशांच्या गाड्या विसावतात. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर बीडकरांचं सगळं येणंजाणं लाल एसटी, रात्रीच्या ट्रॅव्हल्स आणि काळीपिवळी यांच्यावरच चालत होतं, आणि अजूनही बरंचसं तसंच चालतं. त्यामुळे माणसं प्रवासात आपला ऐवज कसा सांभाळतात हे बघायला या फाट्यासारखी जागा नाही.

एखाद्या रात्री चहाचा कप घेऊन गाडीच्या दाराकडे तोंड करून बसावं. नऊवारीतली म्हातारी उतरते ती पिशवी पोटाशी धरून. तिच्या मागून येणारा कॉलेजातला मुलगा रिकाम्या हाताने उतरतो. त्याची बॅग सीटवर आहे आणि वर त्याने जर्किन टाकलंय, म्हणजे त्याच्या मते ती झाकली गेली. तिसऱ्याच्या खांद्याला नवी कोरी स्लिंग बॅग, तिला आकड्यांचं कुलूप, बाहेर चार्जिंगचं भोक. पण बॅग पार पाठीवर गेलेली आहे आणि तो दोन्ही हातांनी मोबाइलमध्ये रमलाय. या तिघांत सर्वांत कमी खर्च कुणी केलाय आणि सर्वांत निर्धास्त कोण आहे, हे विचारायची गरज पडत नाही.

या विषयात मी शिरलो तो नाइलाजाने. काही वर्षांपूर्वी एका गर्दीच्या स्टँडवर, नाव कशाला घ्या, धक्काबुक्की करत एसटीत चढलो. बॅग खांद्याला होती, चेन बंद होती, मन स्वस्थ होतं. मांजरसुंब्याला उतरून चहाचे पैसे द्यायला बॅगेत हात घातला तर बोटं तळातून बाहेर आली. कुणीतरी ब्लेडने वीतभर चीर दिली होती. सातशे रुपये आणि चष्मा गेला. चष्म्याचा त्याला काय उपयोग झाला असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

रागाच्या भरात मी मग भारी 'अँटी-थेफ्ट' बॅग घेतली. आत पोलादी जाळी, पट्ट्यात तार, जिथे तिथे कड्या. रिकामीच जवळपास एक किलोची. पाणी, पॉवर बँक, डबा भरला की खांद्याला रग लागायची. दोन महिन्यांनी त्याच फाट्यावर जेवताना सहज खिडकीतून गाडीत पाहिलं, तर माझी बॅग एकटीच सीटवर बसली होती. खांदा दुखतो म्हणून मीच तिला तिथे ठेवून आलो होतो. ब्लेड चालत नाही अशी बॅग मी उचलून नेण्यासाठी मांडून ठेवली होती.

म्हणून या प्रकरणात आराम आणि सुरक्षा यांचे दोन वेगळे कप्पे मी केलेले नाहीत. पिशवी जाते ती बहुतेकदा मालकाने अंगावरून उतरवलेली असताना किंवा नजरेआड ढकललेली असताना. आणि माणूस ती उतरवतो कारण पट्टा रुततो, पाठ भिजते, पैसे काढायला दोन हात लागतात. जी पिशवी सहा तास अंगावर आहे हे विसरायला होतं, तीच सहा तास अंगावर राहते.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या गाठीत, कमरेला, पैसे 'कनवटीला' लावायचे. कनवटीचा पैसा काढताना माणसाला स्वतःलाच थोडी खटपट करावी लागे, मग परक्याची काय कथा. बंडीला आतून खिसा असे आणि त्याचं नावच चोरखिसा. जिथे चोराचा हात पोचत नाही त्या जागेला आपल्या भाषेने चोराचंच नाव दिलं. 'अँटी-थेफ्ट पॉकेट' म्हणून दुकानदार आज जे दाखवतो, म्हणजे पाठीला चिकटणाऱ्या बाजूचा चपटा कप्पा, तो हाच. बायका परकराला शिंप्याकडून आतून खिसा शिवून घेत, अजूनही घेतात. ऊसतोडीला कोयता घेऊन निघालेल्या कुटुंबात मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतले उरलेले पैसे ट्रॅक्टरवरच्या पेटीत ठेवत नाहीत, ते कुणाच्या तरी कमरेला असतात.

सगळ्यांत जुनी आणि कसाला लागलेली स्लिंग बॅग मात्र एसटी कंडक्टरची. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तिचे कंडक्टर लक्ष्मण केवटे. तेव्हापासून आजवर तिकिटांची पेटी गेली, मशीन आलं, पण काखेतून आडवा पट्टा घेतलेली कातडी बॅग काही गेली नाही. ती नीट बघण्यासारखी आहे. पट्टा रुंद. बॅग एका बाजूला पण पुढे, हाताखाली. तोंडावर नुसती झडप, ती उघडली की आतलं फक्त कंडक्टरला दिसतं. खच्चून भरलेल्या गाडीत, अंगाला अंग घासत, सुटे पैसे काढत-घालत हा माणूस दिवसभर फिरतो. त्याच्या बॅगेला कुलूप नाही, पण दर मिनिटाला तिच्यात त्याचा हात जातो. हात सतत जात असेल तिथे दुसऱ्याचा हात जाणं अवघड.

फाट्यापासून जवळच डोंगरात कपिलधार आहे. वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी तिथे आहे आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून पायी दिंड्या येतात. त्या गर्दीत लिंगायत भाविकांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत किंवा वस्त्रात गुंडाळलेलं, छातीवर. माणसाला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याने शरीरावर कुठे ठेवलंय, हे पाहून मला माझ्या पाठीवरच्या बॅगेची थोडी लाज वाटली होती.

आता दाराशी काय होतं ते पाहू. एसटीच्या पायरीवर खिसेकापू सहसा एकटा नसतो. एक जण पायरीवर अडतो, त्याचं काहीतरी पडलेलं असतं किंवा गाडी कुठली हे त्याला ऐनवेळी विचारायचं असतं. दुसरा मागून रेटतो. तिसरा, जो तुम्हाला कधीच दिसत नाही, काम करतो. अंगाला चारी बाजूंनी दाब असताना एका जागचा हलका स्पर्श मेंदूला वेगळा कळत नाही, सगळी कला एवढीच. खाली दहा-वीसच्या नोटा टाकून "काका, तुमचे पैसे पडले," म्हणणं किंवा शर्टावर घाण उडवून पुसायला मदत करणं, हे त्याच कलेचे बसायच्या जागेवरचे अवतार. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि दाराशी बायकांची गर्दी वाढली. तिथेच एक जुनी सवय नडते. प्रवासात नको म्हणून गळ्यातलं काढून पर्समध्ये ठेवायचं. अंगावर असताना दागिन्याला निदान शरीराची जाग असते, पर्समध्ये तीही राहत नाही. लग्नाला दागिने न्यायचेच असतील तर ते स्लिंग बॅगेत नकोत, कितीही भारी बॅग असली तरी. त्यांची जागा परकराचा खिसा.

बॅग घ्यायला निघालात तर दुकानदार आधी कापडाबद्दल बोलेल. '६०० डी', '१००० डी' असे आकडे सांगेल. डी म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप. नऊ हजार मीटर लांबीच्या धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचं डेनियर. मांजरसुंब्याहून बीडकडे जाताना जवळपास निम्मी वाट होईल इतका लांब धागा सोडला आणि गुंडाळून तागडीत टाकला तर तो ६०० ग्रॅम भरला पाहिजे. आकडा मोठा तेवढा धागा जाड, कापड चिवट. पण चिवट म्हणजे न कापणारं नव्हे. घासणं, ओढणं, काट्यात अडकणं यांना हे कापड पुरून उरतं, नव्या ब्लेडपुढे मात्र नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही शरण जातात. ब्लेडवर इलाज जाळीचा. १९९८ साली दोघा ऑस्ट्रेलियनांनी पॅकसेफ नावाची कंपनी काढली आणि प्रवासी बॅगांना पोलादी तारांची जाळी हा प्रकार जगभर नेला. जाळी खरंच काम करते. पण ती सगळ्या बॅगभर लागत नाही. तळ आणि बाहेरची बाजू एवढ्याला असली तरी पुष्कळ, कारण ब्लेड तिथूनच येतं. बाजू चिमटीत धरून चुरगाळून पाहा, तारा बोटाला कळतात. कळल्या नाहीत तर 'कटप्रूफ' हा शब्द फक्त लेबलावर आहे असं समजा.

माझ्या मते कापडापेक्षा चेन बघण्यात वेळ घालवावा. आपण जिला चेन म्हणतो तिचा शोध तसा रडतखडत लागला. अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसनने १८९३ मध्ये पहिली घडवली, ती सारखी उसवायची. गिडियन सुंडबॅक या स्वीडिश इंजिनिअरने १९१३ च्या सुमाराला आजच्यासारखी दातेरी चेन जमवली. आज बॅगांना असते ती बहुतेक वेळा नायलॉनच्या वेटोळ्याची, आणि तिचं एक गुपित आहे. बॉलपेनचं टोक दातांमध्ये जोराने खुपसलं की ती फाकते. हात आत जातो, काम होतं, आणि मग रनर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की चेन पुन्हा जुळते, जणू काही घडलंच नाही. 'चेन तर बंदच होती हो,' असं म्हणणारी माणसं म्हणूनच खोटं बोलत नसतात. रनर कडीत अडकवायची सोय असेल तर पेन आत जायचं थांबत नाही, पण रनर फिरवून चोरी झाकता येत नाही, आणि गर्दीत नुसती चेन ओढून उघडणाऱ्याचं कामही अडतं. चेन जाड असलेली बरी. पाच नंबरची चेन म्हणजे मिटल्यावर साधारण पाच मिलिमीटर रुंद, आठची आठ. मुख्य कप्प्याला आठ मिळाली तर घ्या. दुकानात एकच गोष्ट करा. बॅग अंगावर घालून चेन मिटा आणि मिटल्यावर रनर कुठे येतो ते पाहा. तो पुढे, तुमच्या हाताखाली आला पाहिजे. पुष्कळ बॅगांमध्ये तो काखेमागे जातो, म्हणजे तुमच्यापेक्षा मागच्या माणसाच्या सोयीला.

आकड्यांच्या कुलपाबद्दल एक गणित. तीन चकत्यांच्या कुलपाला एक हजार जुळण्या. एकेक फिरवून बघायला दोन सेकंद धरले तर सगळ्या संपायला ३३ मिनिटं. फाट्यावरच्या वीस मिनिटांच्या थांब्यात यातल्या सहाशे होतात. म्हणजे सीटवर ठेवलेल्या बॅगेच्या बाबतीत पैज चोराच्या बाजूने लागलेली आहे, आणि हे तो पूर्ण बॅगच उचलून नेणार नाही असं गृहीत धरून. अंगावरच्या बॅगेला मात्र कुलपाची उलट अडचण होते. तिकिटाला दहा रुपये काढताना आकडे जुळवत बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी कुलूप उघडंच ठेवतो.

वेल्क्रोला लोक नाक मुरडतात. बालाघाटाच्या माळावरून पायी आलात की पँटला जी कुसळं आणि काटेरी बोंडं चिकटतात, तसलीच बोंडं १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरने आपल्या कुत्र्याच्या केसांतून उपटली आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली. त्याचा चर्रर्र असा आवाज हा दोष मानतात. मला तो गुण वाटतो. झोपेतसुद्धा आपल्या पोटावरून तो आवाज आला तर जाग येते.

पट्ट्याकडे वळतो, कारण आराम आणि धोका दोन्ही तिथे आहेत. दोन किलोची बॅग आहे आणि पट्टा खांद्यावर बारा सेंटिमीटर टेकतो असं धरा. पट्टा दोन सेंटिमीटर रुंद असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८३ ग्रॅम भार येतो. चार सेंटिमीटर असेल तर निम्मा. म्हणून चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. खांद्याशी घट्ट विणीची जाडसर गादी असावी. फार मऊ स्पंज महिन्याभरात चपटा होतो आणि कडा वळून काचायला लागतात. काही बॅगांचा पट्टा एकाच खांद्यासाठी बेतलेला असतो, दुसऱ्या खांद्यावर घेतला तर बॅग उलटी होते. दोन्ही बाजूंना कडी असलेली घ्या, म्हणजे जामखेडपर्यंत उजवा आणि पुढे डावा असा खांदेपालट करता येतो. एकाच खांद्यावर ओझं असलं की माणूस नकळत तो खांदा वर उचलून धरतो आणि संध्याकाळी मान धरते ती त्यामुळे.

वजन किती? २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने मुलांच्या दप्तराला शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, तीही दोन्ही खांद्यांवर. एका खांद्याला त्याच्या निम्म्यावर थांबावं असा माझा अंदाज. साठ किलोच्या माणसाला तीन किलो. प्रत्यक्षात दिवसभरासाठी दोनच बरे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो तिथेच गेला. तेव्हा रिकामी बॅग चारशे ग्रॅमच्या आत असावी, आणि आकार चार-पाच लिटरचा. सात-आठ लिटरची घेतली की तीत डबा, शाल, वर्तमानपत्र, घरच्यांची चप्पल असं सगळं जातं. पिशवी रिकामी राहायला तयार नसते आणि घरातली माणसं तिला राहू देत नाहीत.

मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाठीला चिकटणारी बाजू जाळीदार कापडाची असेल तर जीव वाचतो. रेक्झिनची किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकची बाजू तासाभरात शर्टाला चिकटते, मग माणूस बॅग काढून मांडीवर ठेवतो आणि बीड ओलांडायच्या आत झोपतो. काळा रंग मळ लपवतो पण तापतो. साडी नेसणाऱ्यांनी बकलं आणि कड्या कुठे येतात ते बघून घ्यावं. छातीवरचं उघडं बकल पदराचे धागे ओढतं आणि मंगळसूत्राच्या वाटीत अडकतं. पट्टा पदराच्या वरून घेण्यापेक्षा आधी पट्टा आणि मग त्यावरून पदर घेतला की पट्टा झाकला जातो, कापला जात नाही आणि हिसकायलाही सापडत नाही. हे मला नेकनूरच्या बाजारातून परतणाऱ्या एका मावशींनी दाखवलं. "आवं, पट्टा दिसला तर कापंल ना कुणी," त्या म्हणाल्या. एवढं सोपं.

पट्ट्यातल्या तारेबद्दल मात्र माझं मत दुकानदारांच्या विरुद्ध आहे. चालत्या मोटारसायकलवरून कुणी बॅगेला हिसका दिला आणि पट्टा तुटलाच नाही, तर मालक बॅगेसोबत फरफटतो. चोराच्या हातून सुटेपर्यंत किती फूट, हे नशिबावर. पायी गर्दीत, स्टँडवर, यात्रेत तारेचा पट्टा उपयोगी आहे. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याने किंवा दुचाकीवर मागे बसणाऱ्याने तो घेऊ नये. साधी चिवट नवार पुरे. आणि दुचाकीवर कुठलीही बॅग पुढे, दोघांच्या मध्ये. पट्ट्याचं लोंबणारं टोक कापून जाळून टाका किंवा रबरात गुंडाळा, चाकात गेलेली ओढणी काय करते ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

बॅगेच्या खोक्यावर हल्ली 'आरएफआयडी सुरक्षा' असं लिहिलेलं असतं आणि त्याचे दोन-तीनशे रुपये जास्त लागतात. नुसतं टेकवून पैसे देता येतात अशा बँक कार्डाला जवळून कुणी चोरून वाचेल, त्याला अडवणारा हा कप्पा. ही कार्डं काही सेंटिमीटरवरूनच वाचली जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नव्या कार्डावर टेकवून पैसे द्यायची सोय आपण सुरू केल्याशिवाय चालू नसते, आणि चालू असली तरी पिनशिवाय एका वेळी पाच हजारांपर्यंतच. मांजरसुंब्याच्या फाट्यावर रात्री यंत्र घेऊन कुणी तुमच्या बॅगेशी अंग घासत फिरेल, या भीतीपोटी पैसे घालवू नका. तेच पैसे चांगल्या चेनमध्ये जाऊ द्या. बॅगेबाहेरचं चार्जिंगचं भोक हेही तसंच. ती फक्त आतल्या पॉवर बँकेची लांबवलेली वायर असते, आणि बाहेर लोंबणारी वायर म्हणजे मोबाइल कुठे आहे त्याची खूण.

कारण खरा ऐवज आता मोबाइल आहे. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि चहावाल्याच्या टपरीपर्यंत पोचलं. सातशे रुपयांच्या नोटा गेल्या तर सातशे जातात. मोबाइल उघडा गेला तर यूपीआय लाइटमध्ये ठेवलेले पैसे पिनशिवाय जाऊ शकतात, आणि सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मागवता येतात. म्हणून बॅग घ्यायच्या आधी दोन फुकटची कामं करा. मोबाइलला स्क्रीन लॉक आणि सिमला स्वतंत्र पिन. बॅगेत मोबाइलची जागा पाठीकडच्या कप्प्यात. तिकिटापुरते सुटे पैसे पुढच्या छोट्या कप्प्यात, कंडक्टरसारखे हाताशी. बाकीची रोकड आणि आधारची मूळ प्रत बॅगेत नकोच, ती चोरखिशात. सगळं एकाच ठिकाणी ठेवायची आपल्याला फार हौस, मग बॅग गेली की घरी जायचे पैसे शेजाऱ्याकडे मागावे लागतात. रात्री झोपताना बॅग उशाला किंवा वरच्या फळीवर नको. पट्टा अंगातच ठेवून बॅग पोटावर घ्यावी आणि चादर तिच्यावरून ओढावी. उठल्याबरोबर ती चाचपून बघू नये मात्र. सगळ्या गाडीदेखत दर दहा मिनिटांनी एकाच जागी हात लावणारा माणूस माल कुठे आहे ते न विचारता सांगत असतो.

आणि एवढं करूनही गेलंच तर? आपल्याकडे पहिला प्रश्न हद्दीचा निघतो. चोरी चौसाळ्याला झाली की बीडला, की अजून मागे कुठल्या स्टँडवर, हे गाडीतल्या माणसाला माहीत नसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत याचं उत्तर स्पष्ट लिहिलंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, आणि ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा झालाय, आणि टोळीने केलेली पाकीटमारी कलम ११२ मध्ये येते, तिला एक ते सात वर्षं कैद. मोबाइल गेला असेल तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद, बँकेला फोन, पैसे गेले असतील तर १९३०. मग पोलिसांकडची तक्रार जोडून संचार साथी पोर्टलवर तो फोन देशभर बंद करून घ्यायचा. त्यासाठी पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो पडद्यावर येतो. आजच लिहून ठेवा, पण मोबाइलमध्ये नको आणि बॅगेतही नको.

माझी सध्याची बॅग साडेतीनशे ग्रॅमची आहे, चार लिटरची, तळाला जाळी आणि बाकी साधं कापड. ती घेताना दुकानात मी एक लिटर पाण्याची बाटली आणि मोबाइल आत टाकून दहा मिनिटं अंगावर ठेवली. खुर्चीत बसलो, बुटाची नाडी बांधायला वाकलो, एका हाताने चेन उघडून दहाची नोट काढली. वाकल्यावर बॅग घसरून पुढे तोंडावर आली तर ती बॅग परत द्यायची. ही आली नाही. बसल्यावर ती मांडीत रुतली नाही, पोटावर टेकली. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक जरा चक्रम आहे, पण त्याने खुर्ची दिली.

तिच्या आत पाणी न झिरपणारं अस्तर आहे, पावसाळ्यासाठी. फाट्यावरची रबडी घरी न्यायची म्हणून मी एकदा डबा तिच्यात ठेवला. पाणी आत येऊ न देणारं अस्तर रबडीही बाहेर जाऊ देत नाही, हे मला चौसाळा येईपर्यंत कळलं नाही.